साठीपुढच्यांचा बिनतेल डबा: ‘नाही’ची यादी लांब, वरण मात्र पातळ

डब्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीत पाच गोष्टी ठळक छापल्या आहेत: तेल नाही, तूप नाही, दूध नाही, साखर नाही, मैदा नाही. त्याखाली बारीक अक्षरात ‘अख्खं धान्य, शंभर टक्के वनस्पतीजन्य, खास ज्येष्ठांसाठी’. नाशिकच्या गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगर या भागांत घरपोच येणारा हा डबा जानेवारीत महिनाभर लावला आणि सव्वीसही डबे काट्यावर तोलले. स्वयंपाकघराचं नाव मुद्दाम देत नाही. चार बायकांचं छोटं काम आहे, आणि इथे सांगितलेल्या चुका बिनतेल स्वयंपाक करू पाहणाऱ्या कुणाच्याही घरी होऊ शकतात.

भाव आणि ऐवज असा: सोमवार ते शनिवार फक्त दुपारचा डबा, सव्वीस दिवसांचे ४,१६० रुपये, म्हणजे डब्याला १६०. दोन भाकऱ्या, उसळ किंवा वरण, एक भाजी, कोशिंबीर, चमचाभर कोरडी चटणी. आठवड्यातून दोनदा हातसडीचा भात, त्या दिवशी भाकरी एकच.

निकाल आधीच सांगून टाकतो. भाज्या उत्तम, भाकरी चांगली, चटणी फारच चांगली. वरण पातळ. आणि सोबत येणाऱ्या माहितीपत्रकात दोन चुका, त्यातली एक साठीपुढच्या माणसाला खरोखर महागात पडेल अशी.

आधी ‘अख्खं’ या शब्दाबद्दल, कारण पैसे त्याचेच घेतले जातात. शाकाहारी, बिनदुधाचं आणि अख्खं या तिन्हींची आपल्याकडे सरमिसळ होते. एकादशीची साबुदाण्याची खिचडी पूर्ण वनस्पतीजन्य असते. पण साबुदाणा म्हणजे कंदातून धुऊन काढलेला स्टार्च, त्यात ना चोथा (फायबर) ना प्रथिनं. बिनदुधाचा गुळाचा चहा, पांढरा पाव, फरसाण हेही सगळं झाडाचंच. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१६ साली वनस्पतीजन्य आहाराचे चांगला आणि वाईट असे दोन वेगळे गुणांक करून मधुमेहाशी ताडून पाहिले. अख्खी धान्यं, भाज्या, फळं, कडधान्यं खाणाऱ्यांमध्ये मधुमेह कमी आढळला. मैदा, साखर, गोड पेयं यांवर चालणाऱ्या शाकाहारात उलट थोडा जास्त. म्हणून या डब्याला पहिला गुण द्यायचा तो दूध-तूप वगळल्याबद्दल नव्हे, कोंडा ठेवल्याबद्दल.

आणि वगळण्याचं फार कौतुकही नको. मार्च २०२५ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये एक मोठा अभ्यास आला. १,०५,०१५ लोकांच्या तीस वर्षांपर्यंतच्या खाण्याच्या नोंदी, आणि त्यातून सत्तरीपर्यंत मोठा आजार न होता, हातपाय चालते आणि डोकं शाबूत असे किती जण पोचले याचा हिशेब: ९.३ टक्के. तपासलेल्या आठही आहारपद्धतींचा फायदा दिसला. पण त्यात सगळ्यात कमी फायदा चांगल्या वनस्पतीजन्य गुणांकाचा होता. सगळ्यात जास्त होता तो भाज्या, फळं, दाणे, कडधान्यं, अख्खी धान्यं यांना गुण देणाऱ्या आणि प्राणिज पदार्थ पूर्ण बंद न करणाऱ्या पद्धतीचा. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, कार्यकारण सिद्ध करत नाही. तरी ‘ताकाचा एक घोट घेतला तर सगळं वाया’ असं चिठ्ठीवरून कुणाला वाटत असेल, तर तसं काही नाही.

आता भाकरी. सोमवार-गुरुवार ज्वारी, मंगळवार-शुक्रवार बाजरी, बुधवार नागली (नाचणी), शनिवार कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची. एका भाकरीचं वजन ८५ ते ९५ ग्रॅम, म्हणजे पीठ साधारण ५५ ग्रॅम. पीठ चाळलेलं नाही, हे भाकरी मोडली की कडेच्या कोंड्याच्या ठिपक्यांवरून कळतं. नागलीत गव्हाची भेसळ नाही, हेही लगेच कळतं: शुद्ध नागलीची भाकरी विटकरी-काळपट, मोडताना तुटणारी आणि पदर न धरणारी असते. पोळीसारखी लवचीक, ताणली जाणारी ‘नागलीची भाकरी’ कुणी दिली, तर तिच्यात निम्मा गहू आहे असं खुशाल समजावं. नागली पिकवणारे पेठ, सुरगाणा, त्र्यंबक हे तालुके इतक्या जवळ असताना नाशकात तशी भेसळ खायची वेळ येऊ नये.

एक बाजरीचा डबा कडवट निघाला, दुसऱ्या आठवड्यातल्या शुक्रवारी. कारण सरळ आहे. बाजरीत तेलाचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास, आणि दळल्यावर ते तेल दाण्यातल्याच विकरांच्या (एन्झाइमच्या) तावडीत सापडतं. पीठ खवट व्हायला लागतं. ज्वारीचं पीठ थोडं जास्त टिकतं, बाजरीचं थंडीत आठवडा, उन्हाळ्यात चार-पाच दिवस. मोठं स्वयंपाकघर पंधरा दिवसांचं एकदम दळून आणतं आणि तिथे फसतं. कळवल्यावर या बायकांनी आठवड्यातून दोनदा दळण सुरू केलं, नंतर तक्रार आली नाही.

भाकरी साडेअकराला तव्यावरून उतरते आणि एकला ताटात येते, तेव्हा ती कडक होणार हे ठरलेलं. गार होताना शिजलेला स्टार्च पुन्हा घट्ट बांधला जातो. यांनी यावर चांगला उपाय काढलाय: पिठाला उकळत्या पाण्याची उकड देऊन मळतात, आणि भाकरी सुती फडक्यात गुंडाळून डब्याच्या सगळ्यात वरच्या खणात ठेवतात. ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळली तर तिला घाम येतो आणि खालची बाजू चिकट होते. तरीही कवळी असणाऱ्यांनी भाकरी वरणात कुस्करूनच खावी, आणि इथेच वरणाचा प्रश्न येतो.

वरणाचा खण १८० मिलिलिटरचा. त्यात डाळ किती, असं स्वयंपाकघरात विचारलं तर प्रामाणिक उत्तर मिळालं: चाळीस डब्यांना ८०० ग्रॅम तूरडाळ. म्हणजे माणशी वीस ग्रॅम कोरडी डाळ, म्हणजे सव्वाचार-साडेचार ग्रॅम प्रथिनं. उसळीच्या दिवशी हाच हिशेब माणशी चाळीस ग्रॅम कोरड्या मटकीचा आहे, आठ ग्रॅम प्रथिनं. दोन ज्वारीच्या भाकऱ्यांतून अकरा, भाजीतून दोन-अडीच, चटणीतून तीन. म्हणजे उसळ आणि ज्वारी असेल तेव्हा डबा २४-२५ ग्रॅमपर्यंत जातो. वरण आणि नागली एकत्र आली की अठरावर थांबतो, कारण नागलीत प्रथिनं मुळातच शंभराला सातच्या आसपास. वरण आणि भाताच्या दिवशी त्याहूनही कमी.

अठरा ग्रॅम वाईट का? तिशीतल्या माणसाला चालून जातात. वय वाढतं तसे स्नायू प्रथिनांना कमी दाद देतात. तेवढाच परिणाम साधायला एका बैठकीत जास्त प्रथिनं लागतात. भारतीय शिफारस दिवसाला वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे, पण वार्धक्यावर काम करणारे तज्ज्ञगट साठी-पासष्टीनंतर १ ते १.२ ग्रॅम सुचवतात. साठ किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम झाले. सकाळी पोहे आणि रात्री मुगाची खिचडी असं नेहमीचं खाणं धरलं, तर दुपारच्या डब्यातून २५ ग्रॅम यायलाच हवेत. शिवाय कोंड्या-सालासकट खाल्लेल्या धान्या-डाळीतली प्रथिनं दुधा-अंड्यांइतकी पुरती पचत नाहीत, म्हणून हात थोडा सैलच ठेवावा लागतो.

उपाय महाग नाही. वरणाची डाळ माणशी वीसवरून चाळीस ग्रॅमवर नेली की झालं. त्याने खण भरतो, वरण चमच्यावर थांबतं आणि भाकरी कुस्करायला घट्ट आधार मिळतो. ही सूचना दोनदा कळवली. दुसऱ्यांदा डाळ तीसवर आली. दहा ग्रॅम अजून बाकी आहेत. तोवर नागलीच्या आणि भाताच्या दिवशी घरून वाटीभर उकडलेले हरभरे, किंवा पन्नास-साठ ग्रॅम सोया पनीर हिंग-मिरपूड लावून तव्यावर परतून जोडावं. धान्याच्या प्रथिनात लायसिन हे अमिनो आम्ल कमी, डाळीत ते भरपूर. डाळीत मेथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल कमी, ते धान्यात आणि तिळात. डाळ-भाकरी एकाच ताटात असावी असा हट्ट नाही, दिवसभरात दोन्ही पोटात गेलं की पुरतं.

बिनतेल फोडणीचं काय, हा पहिला प्रश्न नाशिककर विचारणार, कारण तर्रीशिवाय आपलं पान हलत नाही. इथे या बायकांचा हात चांगला आहे. लोखंडी कढई रिकामीच तापवायची, मोहरी-जिरं कोरडंच टाकायचं, मोहरी दोन-चार उडताच लगेच बारीक चिरलेला कांदा आणि दोन चमचे पाणी. पाणी आटलं की पुन्हा एक चमचा, असं तीन-चार वेळा. कांदा तळाला धरतो आणि सुटतो, त्या तपकिरी खरवडीतच चव असते. चूक बहुधा मोहरीत होते: तेल नसल्यामुळे उष्णता एकसारखी पसरत नाही, दहा-पंधरा सेकंद उशीर झाला की मोहरी जळून सगळी भाजी कडू. हिंग कोरड्या फोडणीत कच्चा राहतो आणि उग्र वास मारतो. तो आधी तव्यावर फुलवून कुटावा लागतो. हळदीचंही तेच, ती कांद्याच्या ओलाव्यात मिनिटभर शिजलीच पाहिजे.

पण एक गोम आहे. भाजीत घातलेला काळा मसाला घरगुती आहे, छान आहे, आणि तो कांदा-खोबरं तेलात भाजूनच केलेला आहे. विचारल्यावर ‘मसाल्यापुरतं तेल’ असं सांगितलं. माणशी अर्धा-एक ग्रॅम तेल पडतं, त्याने आकाश कोसळत नाही. चिठ्ठीवर मात्र ‘तेल नाही’ ऐवजी ‘वरून तेल नाही’ असं छापावं. स्निग्ध पूर्ण काढून टाकण्यात शहाणपण नाहीच: गाजर, लाल भोपळा, मेथी यांतलं कॅरोटीन (ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं) शोषलं जायला ताटात थोडं स्निग्ध लागतं. ते काम या डब्यात चटणी करते. कारळे, जवस, शेंगदाणे-लसूण, तीळ अशी आलटून-पालटून, पंधरा ग्रॅम. शेंगदाण्यातलं तेल शेंगदाण्यासकट पोटात जातं, चोथा आणि प्रथिनांसह. ‘अख्खं’ म्हणजे हेच. जवस मात्र दळून ताजा हवा. अख्खा जवस न चावता गिळला तर तसाच बाहेर पडतो, आणि दळून महिनाभर ठेवला तर त्याला रंगकामाच्या तेलाचा वास येतो. इथे आठवड्याला दळतात, वास आला नाही.

महिन्यातला सर्वोत्तम डबा भोगीचा. तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी, वजन २२० ग्रॅम: ओला हरभरा, पावटा, वांगी, गाजर, घेवडा, बोराच्या दोन फोडी, वरून तीळ-शेंगदाण्याचं कूट. तेलाची आठवणसुद्धा होत नाही, कारण रस्सा कुटाने मिळून येतो. या एका डब्यात कडधान्यं, शेंगा, पिवळी भाजी, तीळ, अख्खं धान्य सगळं होतं. ‘वनस्पतीजन्य अख्खा आहार’ परदेशातून आलेली कल्पना वाटणाऱ्यांनी पुढच्या भोगीला आपल्याच ताटाकडे बघावं. स्वयंपाकघराला आमची सूचना एवढीच, की ही भाजी थंडीभर दर आठवड्याला द्या; वर्षातून एकदा कशाला?

सगळ्यात फसलेला डबा शनिवारच्या ‘मिसळी’चा. मटकीची उसळ, वर भाजलेले पोहे आणि मुरमुरे, बाजूला भाकरी. उसळ म्हणून झकास. पण तर्री नाही, फरसाण नाही, पाव नाही, तर तिला मिसळ म्हणू नये. नाशकात तर नाहीच.

साखर नाही हे खरं, पण दोन कोशिंबिरींत आणि आमटीत गूळ आहे. गूळ म्हणजेही साखरच, थोड्या खनिजांसह. मधुमेहाच्या काट्याला तो फरक कळत नाही. मिठाचा हिशेब बरा निघाला: चाळीस डब्यांना शंभर ग्रॅम, म्हणजे माणशी अडीच ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा पाच ग्रॅमच्या आत आहे, तेव्हा दुपारी निम्मी संपली. डब्यासोबत घरचं लोणचं काढलं की गणित बिघडतं.

इथून पुढे पत्रकाच्या चुका. पहिली: ‘सैंधव मीठ वापरतो’. कौतुकाने छापलंय, पण सैंधवात आयोडीन घातलेलं नसतं. दूध, मासे, अंडी बंद केलेल्या माणसाला आयोडीन जवळजवळ फक्त मिठातूनच मिळतं. तेच काढून घेतलं तर थायरॉइडला ओढाताण. साधं आयोडीनयुक्त मीठ वापरावं, स्वस्तही पडतं.

दुसरी चूक गंभीर आहे. ‘मोड आलेली कडधान्यं आणि अंबील यांतून भरपूर बी-१२ मिळतं.’ मिळत नाही. बी-१२ जिवाणू तयार करतात, झाडं नाही; मोड, अंबील, इडलीचं पीठ यांतलं प्रमाण भरवशाचं नाही, आणि स्पिरुलिनात (शेवाळाच्या पुडीत) जे असतं ते बहुतांशी आपल्या शरीराला न चालणारं रूप आहे. गरज दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम इतकी थोडी, पण ती गोळीतूनच भागवावी लागते. साठीनंतर हे आणखी अवघड होतं: पोटातलं आम्ल कमी होतं, ॲसिडिटीची गोळी रोज असेल तर अधिकच, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ त्यानेही उतरतं. त्यात एक लबाडी अशी की पालेभाज्या-कडधान्यांच्या आहारात फोलेट भरपूर असतं. त्यामुळे बी-१२ कमी असूनही रक्ताचा अहवाल बरा दिसू शकतो, आणि आत नसा खराब होत राहतात. तळपायाला मुंग्या, अंधारात तोल जाणं, विसराळूपणा ही लक्षणं ‘वय झालं’ म्हणून सोडून दिली जातात. हा डबा लावण्याआधी बी-१२ आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्यावी, गोळीचं प्रमाण डॉक्टरांकडून ठरवावं. पत्रकातलं ते वाक्य काढायला सांगितलं आहे. हे लिहिताना ते अजून तिथेच होतं.

हाडांबद्दल पत्रक गप्प आहे. इंग्लंडमधल्या एपिक-ऑक्सफर्ड अभ्यासात, ज्यात सुमारे ५५,००० लोक सरासरी साडेसतरा वर्षं पाहिले गेले, पूर्ण वनस्पतीजन्य खाणाऱ्यांमध्ये खुब्याच्या हाडाचे फ्रॅक्चर मांसाहारींच्या २.३ पट आढळले (२०२०). काही वाटा कमी वजनाचा, काही कमी कॅल्शियम आणि कमी प्रथिनांचा. ज्येष्ठांसाठीचा डबा म्हणवणाऱ्याने याचं उत्तर ताटातच द्यायला हवं. दिवसाची गरज १,००० ते १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम. नागलीच्या दोन भाकऱ्यांतून चारशेच्या आसपास येतं, म्हणून नागली आठवड्यात एकदा नाही, तीनदा हवी. त्या दिवसांना उसळ जोडावी म्हणजे प्रथिनांची कसरही निघते. सालासकटच्या तिळांची पंधरा ग्रॅम चटणी दीडशेच्या वर देते. पांढरेशुभ्र सोललेले तीळ त्याच्या पासंगालाही पुरत नाहीत. पालक, राजगिरा, चाकवत यांत कॅल्शियम आहे, पण ऑक्झलेट त्याला धरून बसतं. पालकातलं जेमतेम वीसावा हिस्सा अंगी लागतं. मुळ्याचा पाला, कोबी, मोहरीचा पाला इथे सरस. महिन्यात पालक सात वेळा आला, मुळ्याचा पाला एकदाच. पंचवटीत किंवा बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात मुळा विकणारा पाला पिळून टाकतानाच दिसतो, तेव्हा तो मिळत नाही असं नाही.

कोशिंबिरीबद्दल एक सूचना सगळ्यांसाठी. कच्चे मोड साठीपुढच्यांनी टाळावेत. मोड यायला लागणारा ऊबदार ओलावा जंतूंनाही आवडतो, आणि उतारवयात जुलाब लवकर अंगावर येतात. पाच-सात मिनिटं वाफवून घेतले की झालं; या स्वयंपाकघराने पहिल्याच आठवड्यात ऐकलं. डबा दीडपर्यंत येतो. सिंहस्थाच्या कामांसाठी खोदलेल्या रस्त्यांमुळे दोनदा सव्वादोन झाले. जानेवारीत चालून जातं. एप्रिल-मेमध्ये शिजवल्यापासून दोन तासांच्या वर कोमट राहिलेलं वरण आणि ओल्या खोबऱ्याची चटणी खाऊ नये, उन्हाळ्यात डबा लावणाऱ्यांनी वेळेची अट आधी घालून घ्यावी.

पहिल्या आठवड्यात पोट फुगणार. आधी रोज दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी खाणाऱ्याच्या आतड्याला एकदम दुप्पट चोथा पडला की तसंच होतं. पहिले दहा दिवस निम्मी उसळ, तीही मूग किंवा मसुरीची. मग मटकी, चवळी. हुलगे आणि हरभरे सगळ्यात शेवटी. कडधान्य आठ ते बारा तास भिजवून पाणी फेकून द्यायचं. पाणी दिवसाला दोन ग्लास वाढवायचं, नाहीतर हाच चोथा बद्धकोष्ठ करतो. जेवल्यावर लगेच चहा नको, तासाभराने घ्यावा, कारण चहा लोहाचं शोषण अडवतो. लिंबू उलट मदत करतं, आणि डब्यात लिंबाची फोड रोज असते.

काही जणांनी हा डबा डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावूच नये. मूत्रपिंडाचा आजार असेल तर पालेभाज्या, टोमॅटो, कडधान्यं यांतलं पोटॅशियम जड जाऊ शकतं. रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर पालेभाजी एकदम वाढवू नये. के जीवनसत्त्वाने गोळीचा परिणाम घटतो. भाजी बंद करायची नाही, रोज सारखी ठेवायची आणि रक्ताची चाचणी करून गोळी बसवून घ्यायची. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांची साखर अशा जेवणाने दोन-तीन आठवड्यांत उतरू शकते, जुन्याच डोसवर राहिलं तर चक्कर येऊन पडण्याचा धोका. आणि वजन आधीच कमी, भूक मंद असलेल्या पंच्याहत्तरीपुढच्यांना हा डबा पोट लवकर भरवतो पण कॅलरी कमी देतो. त्यांच्यासाठी शेंगदाण्याचं कूट, खजूर, बदाम वरून हवेतच.

१६० रुपये जास्त आहेत का? शिधा बघितला तर हो. दोन भाकऱ्या, तीस ग्रॅम डाळ आणि पाव किलो भाजीला एवढे लागत नाहीत. मजुरी बघितली तर नाही. भाकरी थापणारा हात आज सगळ्यात महाग आहे, आणि बिनतेल फोडणीला कढईसमोरून हलता येत नाही. दोघंच राहणाऱ्या नवरा-बायकोने एकच डबा आणि घरी कुकरला एक वाटी डाळ असा मेळ घातला, तर पैसे आणि प्रथिनं दोन्ही बसतात.

पैसे महिन्याचे आगाऊ घेतात. तीन दिवसांचा नमुना मागितला तर देतात, पण तो सोमवार ते बुधवारचाच. त्यात बाजरी, ज्वारी, नागली तिन्ही येतात, तेव्हा हरकत नाही. खाडा रात्री आठच्या आत कळवला तर पुढच्या महिन्यात वळता करतात, आठनंतर नाही.